आजीचे केस आणि मास्क

तर झालं असं, की गेले चार-पाच वीकएन्ड मी आणि माझा मावसभाऊ सोलापूरला बसून एक छोटी व्हिज्युअल नॉव्हेल करतोय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मागे देखावा, पुढे पात्र, खाली संवाद, मधूनच 'आता काय करायचं?' असे पर्याय. (पिंगुळीचे चित्रकथी चित्रांच्या पोथीतलं एकेक चित्र दाखवत गोष्ट गाऊन सांगतात. त्यामुळे आपण फार नवीन काही करतोय असा माझा गैरसमज नाही.) गोष्ट घरातल्या मागाची आहे आणि तिच्यात आमची आजी आहे. तिचा खराखुरा फोटो, एकुलता एक धड असलेला. चुना मारलेल्या भिंतीपुढे बसलेली.

मागची भिंत काढायला मी तो फोटो एका ऑटोमॅटिक टूलला दिला. तीन सेकंदांत काम फत्ते. पांढरी भिंत गेली, आणि तिच्याबरोबर आजीचे पांढरे केसही गेले! मावशीनं स्क्रीनकडे पाहिलं आणि काही न बोलता चहा टाकायला उठून गेली.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: मास्क वेगळ्या फाईलीत ठेवावा आणि हातानं रंगवावा. "पीएनजी असताना?" असं विचारून मित्र हसतात. हसू देत. जेपीईजीत पारदर्शकता नसते, म्हणून जुन्या लोकांनी जुगाड केला होता. जपानमधल्या एनस्क्रिप्टर इंजिनात (२००० सालचं 'त्सुकिहिमे' त्यावरच चालायचं) एकाच चित्रात डावीकडे रंग आणि उजवीकडे काळा-पांढरा मास्क असायचा. काय ठेवलंय आणि काय कापलंय, ते डोळ्यांसमोर!

आपल्या चादरींचंही तेच की. जकार्डच्या पुठ्ठ्यावर भोक असेल तर उभा धागा वर, नसेल तर खाली. म्हणजे एका बिटचा मास्क. चादर उलटी केली की तीच नक्षी, रंगांची अदलाबदल होऊन.

केसांना मात्र एक बिट पुरत नाही, २५६ छटा लागतात. आणि गंमत म्हणजे खरा त्रास केसांनी दिलाच नाही, तो दिला पदरानं. पदराच्या कडेच्या पिक्सेलमध्ये भिंतीचा पांढरा आधीच मिसळलेला, त्यामुळे रात्रीच्या सीनमध्ये आजीभोवती खडूची रेघ ओढल्यासारखं दिसायला लागलं. उपाय सोपा: रंगाच्या फाईलीत पदराचा गडद रंग कडेबाहेर थोडा पसरवायचा, कापायचं काम मास्क करतो. पीएनजीत हे करायला गेलं तर पारदर्शक भागातला रंग दिसत नाही, आणि काही सॉफ्टवेअर सेव्ह करताना तो चक्क फेकून देतात.

अर्धा रविवार रेनपायनं खाल्ला. त्यातलं जुनं 'आयएम.अल्फामास्क' मास्कचा लाल चॅनेल वाचायचं. नुसतं 'अल्फामास्क' वाचतं अल्फा चॅनेल. मी साधा काळा-पांढरा मास्क दिला, तो सगळीकडे अपारदर्शक, त्यामुळे भिंत जशीच्या तशी परत! डॉक्युमेंटेशन वाचा, मंडळी. मी नेहमी शेवटी वाचतो.

एक कबूल करतो. जागा वाचते हा जुना मुद्दा आता फारसा उरलेला नाही. १९२० बाय १०८० चं चित्र उघडलं की मेमरीत सुमारे ८३ लाख बाइट घेणारच, फाईल कशीही असो. म्हणून आम्ही गेममध्ये टाकताना छोट्या स्क्रिप्टनं दोन्ही फाईली जोडून एकच करतो. वेगळ्या राहतात त्या फक्त आमच्या फोल्डरमध्ये, कधीही दुरुस्त करता याव्यात म्हणून.

आणि दुरुस्ती लागलीच. दुसऱ्या दिवशी मावशी खुर्ची ओढून शेजारी बसली. "कानामागे एक बट सुटलेली असायची रे तिची. कधी बसायचीच नाही." फोटोत ती बट भिंतीत पार विरघळलेली. पण रंग तिथं पांढराच होता, फक्त मास्क उघडायचा होता. मावशी बोट ठेवत गेली, मी करड्या ब्रशनं रेघ ओढत गेलो.

रात्रीच्या सीनमध्ये आता ती बट दिसते. झूम केलं तर जरा जाड झालीये. पुढच्या शनिवारी बघू.