साठविलेले वाचले पाहिजे

दि. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस कोसळला. उल्हास नदीने कल्याण परिसरातील सखल वस्त्यांत शिरकाव केला. २७ जुलै २०१९ रोजी त्याच नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडवून धरली. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील कार्यालये बहुधा तळमजल्यावर असतात आणि संगणकाची पेटी टेबलाखाली, जमिनीलगत. पाणी येते तेव्हा पहिला बळी तिचाच जातो.

या परिसराने संगणकाचा स्वीकार लवकर केला. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या ई-प्रशासनाचा नमुना राज्य शासनाने पुढे अन्य नगरपालिकांसाठी स्वीकारला. १८९३ साली स्थापन झालेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाने दुर्मीळ ग्रंथांच्या संगणकीकरणाचे काम हाती घेतले. परंतु पतपेढी, शाळा, मुद्रणालय, सनदी लेखापाल यांच्या कार्यालयांत साठवणुकीला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे जपणुकीला मिळाले काय?

जपणुकीचे जुने आणि आजही टिकून असलेले साधन म्हणजे चुंबकीय फीत. ती कालबाह्य झाली, हा समज चुकीचा आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये गुगलच्या काही ग्राहकांचा ईमेल नाहीसा झाला, तेव्हा त्या बलाढ्य कंपनीने तो फितींवरूनच परत आणला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरचे संगणक ओलीस धरले. कपाटात ठेवलेल्या फितीपर्यंत असा खंडणीखोर पोहोचू शकत नाही. ड्राइव्ह महाग असतो हे खरे. लहान संस्थांनी चार-पाच जणांत मिळून एक घेण्यास हरकत नसावी.

मात्र ड्राइव्ह घेताना किंमत आणि क्षमता एवढेच पाहिले जाते. खरी मेख ड्रायव्हर आणि बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये असते. विंडोज एक्सपीतील ‘एनटी-बॅकअप’ फितीवर लिहीत असे. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टामधील बॅकअपने फितीची साथ सोडली. फीत शाबूत, मजकूरही शाबूत. पण नव्या संगणकावर तो उघडण्याची सोय उरली नाही! किल्ली दुसऱ्याच्या खिशात असलेल्या तिजोरीला आपली तिजोरी कसे म्हणावे?

म्हणूनच एका कंपनीपुरत्या बंदिस्त पद्धतीपेक्षा खुले प्रमाण निवडणे शहाणपणाचे. २००० साली तीन कंपन्यांच्या सहकार्यातून आलेली ‘एलटीओ’ पद्धत त्या वर्गातली आहे. तिच्या सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागील दोन पिढ्यांच्या फिती वाचत. आठव्या पिढीचा ड्राइव्ह मागची एकच पिढी वाचतो. हे न पाहता नवा ड्राइव्ह घेतला, तर जुन्या फिती मुक्या होतात. पाचव्या पिढीबरोबर, २०१० मध्ये आलेल्या ‘एलटीएफएस’मुळे फितीवरील मजकूर साध्या फोल्डरप्रमाणे दिसतो. लिनक्सच्या गाभ्यात फितीचा ड्रायव्हर असतोच. साधने परकीय असली तरी किल्ली आपल्या हाती ठेवता येते. अमेरिकेने महासंगणक नाकारल्यावर १९९१ मध्ये पुण्यात ‘परम’ उभा करणाऱ्या देशाला स्वावलंबनाचा हा अर्थ नव्याने सांगावा लागू नये.

जपणूक म्हणजे नुसती नक्कल नव्हे, हे आपल्या पूर्वजांनी केव्हाच ओळखले होते. वेदपाठकांनी संहिता एकदाच पाठ केली नाही. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पद्धतींनी तेच शब्द पुढून-मागून, उलटसुलट गुंफून म्हटले जात. एक अक्षर ढळले तरी चूक तत्काळ ध्यानात येई. शिवाय ही विद्या एकाच घरात कोंडलेली नव्हती. काशीपासून केरळपर्यंत ती अनेक मुखांत वसत होती. पडताळणी आणि अनेक ठिकाणी प्रती, ही दोन सूत्रे आजच्या संगणकतज्ज्ञांच्याही उपदेशाचे सार आहेत.

तेव्हा ठाण्याच्या संस्थेची एक प्रत पुण्याला किंवा नाशिकला असावी. कोकणच्या दमट हवेत फितींना कोरडी, थंड जागा मिळावी. दसऱ्याला आपण संगणकाला झेंडूची फुले वाहतो. त्याच दिवशी गतवर्षीची एक फीत बाहेर काढावी, दुसऱ्या संगणकावर लावावी आणि तीवरची एक तरी नोंद उघडून पाहावी. ती उघडली, तरच शस्त्रपूजा सफल झाली असे समजावे.