कॉलेजात समुपदेशक हवाच, पण त्याचा पगार कोण देणार?

सुप्रीम कोर्टाने 25 जुलै 2025 रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल एक महत्त्वाचा निकाल दिला. आपल्या पालकसभांमध्ये त्याची चर्चा जवळपास झालीच नाही. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या 17 वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. तिचे वडील न्यायासाठी दिल्लीपर्यंत लढले. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी तपास सीबीआयकडे दिला आणि देशभरातल्या शाळा, कॉलेज, कोचिंग क्लास, वसतिगृहे यांच्यासाठी 15 मार्गदर्शक सूचना दिल्या. योग्य कायदा किंवा नियम होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत, असे कोर्टाने स्पष्ट केले. म्हणजे पुढचे काम सरकारचे आणि विधिमंडळाचे आहे.

आकडे पाहिले तर महाराष्ट्राला गप्प बसता येणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वाधिक, 1,764, महाराष्ट्रातले होते.

सूचना चांगल्या, पण म्हसळ्याला पुरतील का?

100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे कोर्ट म्हणते. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडावा. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. मार्कांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत. पालकांनाही समजावून सांगावे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती असावी.

यात आक्षेप घ्यावा असे काही नाही. प्रश्न वेगळाच आहे. समुपदेशकाचा पगार कोण देणार? विनाअनुदानित कॉलेज तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर कसेबसे चालते. तिथे हे काम एखाद्या शिक्षकाच्याच गळ्यात पडेल आणि फाईल पूर्ण होईल. आम्ही शिक्षक बीएडला बालमानसशास्त्र शिकलो हे खरे, पण त्यावर उपचार करता येत नाहीत. एका समुपदेशकामागे किती विद्यार्थी असावेत, याचा आकडाही सूचनांमध्ये नाही.

दुसरी अडचण अंतराची. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड इथल्या मुलांना जिल्हा रुग्णालय म्हणजे अलिबाग. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो, आणि घरी काय सांगायचे हा प्रश्न असतोच. मुलींसाठी तर हा प्रवास जवळजवळ अशक्य.

राज्याला कायदा करता येतो

शिक्षण हा केंद्र आणि राज्य या दोघांच्या सूचीतला विषय आहे, सार्वजनिक आरोग्य तर राज्याचेच. महाराष्ट्राने याआधी हे करूनही दाखवले आहे. रॅगिंगविरोधी कायदा राज्याने 1999 मध्येच केला. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, टाळाटाळ केली तर त्यालाही जबाबदार धरावे, अशी तरतूद त्यात आहे. मुदत आणि जबाबदार माणूस ठरलेला असला की पालकाला जाब विचारता येतो.

मानसिक आरोग्याच्या कायद्यातही हेच हवे. लहान कॉलेजांना एकेक समुपदेशक परवडत नसेल तर तालुक्यातल्या तीन-चार कॉलेजांसाठी मिळून एक पूर्णवेळ समुपदेशक द्यावा, पगार सरकारने द्यावा. तो कोणत्या दिवशी कुठे बसणार हे फलकावर लिहिलेले असावे. मुलींसाठी महिला समुपदेशक असावी. मराठीबरोबर उर्दू आणि कोकणी बोली समजणारी माणसे नेमावीत, कारण मनातली घालमेल मूल घरच्या भाषेतच सांगते. विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट स्टाफरूमपर्यंत जाणार नाही याची हमी कायद्यात असावी. ही हमी नसेल तर मुले त्या खोलीकडे फिरकणारच नाहीत.

केंद्राच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क प्रत्येकाला आधीच दिला आहे. त्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानले जाते. तिला सांभाळणे, तिच्यावर उपचार करणे ही सरकारची जबाबदारी आहे. पोलिसांच्या भीतीने घरचे प्रकरण दाबतात, त्यांना हे माहीत असायला हवे.

आपल्या घरातले काय?

कायदा आला तरी मुलाला त्या खोलीपर्यंत जाऊ देणे आपल्या हातात आहे. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत अब्बा आखातात, तालीम त्यांच्या पैशावर चालते. मूल व्हिडिओ कॉलवर "सब ठीक है" म्हणते आणि फोन ठेवते. नापास झालो हे परदेशात राबणाऱ्या बापाला सांगायचे कसे, या विचारानेच ते आतून खचते.

झोप उडाली, जेवण सुटले, मूल कोणाशी बोलेनासे झाले, की आपण म्हणतो नजर लागली किंवा इमान कमजोर झाले. दुआ जरूर करावी, पण इलाज करण्यापासून दीनने कधी रोखलेले नाही. दहाव्या शतकातल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले होते. मुलीचे लग्न जमणार नाही या भीतीने तिचा आजार लपवणे हा तिच्यावर जुलूम आहे.

तेव्हा पुढच्या पालकसभेत प्राचार्यांना तीनच प्रश्न विचारू या. समुपदेशक कोण आहे? तो कोणत्या दिवशी भेटतो? मुलाने सांगितलेले गुप्त राहते का? उत्तरे लेखी मागू या. जमातीने तीच उत्तरे जोडून आपल्या आमदारांना अधिवेशनाआधी निवेदन द्यावे आणि राज्याच्या कायद्याची मागणी करावी.

कायद्याची वाट पाहत असताना टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो आजच मुलांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या.