छायाचित्र हाच नमुना

कापडाच्या दुकानात साडी पसंत पडली, तरी चोखंदळ गिऱ्हाईक ती घेऊन दुकानाच्या दारापर्यंत जाते. दिव्याखालचा रंग आणि दिवसाच्या उजेडातला रंग यांत फरक असतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. जुने दुकानदार तर स्वतःच म्हणत, “बाहेर उजेडात पाहून घ्या.” ऑनलाइन विक्रीत हे दार नाही. बोटांनी पोत चाचपणे नाही, भांडे हातात तोलून पाहणे नाही. ही सारी कामे एकट्या छायाचित्राला करावी लागतात.

व्यापाराला ही कल्पना नवीन नाही. १९३० च्या माल विक्री अधिनियमात वर्णनावरून होणारी विक्री कलम १५ मध्ये, तर नमुन्यावरून होणारी विक्री कलम १७ मध्ये सांगितली आहे. माल वर्णनाप्रमाणे आणि नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, हे त्यांचे सार. ई-वाणिज्यासाठी २०२० मध्ये केलेल्या नियमांनुसार, जाहिरातीत दाखविलेली वैशिष्ट्ये मालात नसतील, तर तो परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. पूर्वी पेढीवरून नमुन्याचा तुकडा जाई. आता त्याच्या जागी छायाचित्र जाते. म्हणून ते आकर्षक असण्याआधी खरे असले पाहिजे.

या खरेपणासाठी महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. गरज आहे ती योग्य प्रकाशाची. ज्या खिडकीतून थेट ऊन येत नाही, तिच्या बाजूला टेबल ठेवावे, म्हणजे प्रकाश वस्तूवर एका कुशीने पडतो. ऊन येत असेल, तर पांढरा पातळ पडदा लावावा. प्रकाशाचा उगम वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितकी सावली मऊ. उघड्या बल्बची सावली म्हणूनच कठोर पडते. खिडकीच्या विरुद्ध बाजूस थर्माकोलचा पांढरा तक्ता उभा केला, की अंधारी बाजू उजळते. मोबाइलचा फ्लॅश मात्र बंद ठेवावा. तो समोरून पडतो, त्यामुळे पोत सपाट दिसतो आणि चकाकी डोळ्यांत भरते.

रंगाची चूक बहुधा मिश्र प्रकाशातून होते. पिवळ्या बल्बचा प्रकाश सुमारे २७०० केल्विन, दुपारच्या उन्हाचा सुमारे ५५०० आणि पांढऱ्या ट्यूबचा बहुधा ६५०० केल्विन असतो. दोन प्रकार एकत्र आले, तर कॅमेऱ्याला एकाच्याच मानाने रंग सावरता येतो. म्हणून खिडकीच्या उजेडात काम करताना खोलीतले दिवे मालवावेत. जवळची रंगीत भिंत किंवा लाल सतरंजीही पांढऱ्या मालावर आपली छटा टाकते. शेवटी, मोबाइलचा डोळ्यांना आराम देणारा पिवळसर पडदा बंद करून, छायाचित्र आणि प्रत्यक्ष वस्तू खिडकीपाशी शेजारी धरून पाहावी.

प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा असतो. कापडाची वीण दिसायला प्रकाश बाजूने, थोडा तिरपा हवा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असलेले रेशीम कोनागणिक रंग बदलते. त्याची निदान दोन छायाचित्रे द्यावीत. पितळ आणि स्टील हे तर आरसेच. त्यांत पंखा, खिडकीचे गज, छायाचित्र घेणाऱ्याचा सदरा, सारे उमटते. तेव्हा भांड्याभोवती पांढरे कागद उभे करावेत, म्हणजे प्रतिबिंब त्या कागदांचे पडते आणि आकार स्वच्छ उठून दिसतो.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर कॅमेरा फसतो. समोर फार उजेड आहे, असे समजून तो चित्र करडे करतो. अशा वेळी पडद्यावर बोट टेकवून उजेड किंचित वाढवावा. काळ्या मालाच्या बाबतीत उलट करावे.

मांडणीचे पहिले सूत्र बाजारपेठेनेच घालून दिले आहे. अॅमेझॉनवर मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी असावी आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा, असा दंडक आहे. पुढच्या छायाचित्रांत मागची बाजू, काठ, शिवण, बूड असे बारकावे यावेत. फार जवळून टिपल्यास तांब्याचे पोट विनाकारण फुगते. त्यापेक्षा मागे सरून दुप्पट झूम वापरावा. आकाराचा अंदाज यावा म्हणून एका छायाचित्रात वस्तू हातात धरलेली असावी. डब्यात लाडू मांडायचे, तर ते विक्रीत समाविष्ट नाहीत, हे स्पष्ट असावे.

खरा मोह पुढे असतो. एका बोटाने रंग गडद करता येतो, ठोक्यांच्या मठारकामाच्या खुणा पुसता येतात, हातमागाच्या विणीतला असमानपणा लपविता येतो. त्याचा हिशेब मात्र वहीत दिसतो. समजा, एका साडीवर २०० रुपये नफा आहे आणि परत आलेल्या प्रत्येक साडीमागे जाण्यायेण्याचे भाडे व बांधणी मिळून १८० रुपये जातात. दहांपैकी तीन परत आल्या, तर हाती उरतात ८६० रुपये. एकच परत आली, तर १६२०. विक्री तितकीच, नफा जवळजवळ दुप्पट. शिवाय फसवले गेल्याची भावना घेऊन गेलेले गिऱ्हाईक तक्रार लिहून जाते आणि ती पुढच्या शंभर जणांच्या वाचनात येते. पत दुकानाच्या पाटीवर नसते, ती अशा ठिकाणी घडते किंवा मोडते.

म्हणून सुरुवात परतीच्या नोंदींपासून करावी. “रंग वेगळा”, “आकार लहान”, “चित्रात दिसले तसे नाही” अशी कारणे ज्या पाच वस्तूंपुढे वारंवार आली असतील, त्या येत्या रविवारी सकाळी खिडकीपाशी न्याव्यात आणि त्यांची छायाचित्रे नव्याने घ्यावीत. गिऱ्हाइकाला दारापर्यंत येता येत नसेल, तर उजेडच त्याच्यापर्यंत पोहोचविणे हे विक्रेत्याचे काम आहे.