वाटसरूंचा निवारा, मालाची वखार



वणीजवळचे राजूर आज कोळशाच्या खाणींमुळे ओळखले जाते. परंतु या गावाची दुसरी ओळख चुन्याच्या भट्ट्यांची आहे. आपल्या वाडवडिलांच्या पेढ्या, धर्मशाळा आणि वखारी ज्या चुन्यावर उभ्या राहिल्या, त्याची आठवण या भट्ट्या आजही करून देतात. म्हणून या वेळी नदीकाठच्या जुन्या निवाऱ्यांच्या बांधणीचा विचार करू.

धर्मशाळा नदीकाठी का असे? पाणी जवळ, हे एक कारण. दुसरे कारण व्यापाऱ्यास अधिक कळेल. पावसाळ्यात वर्धा फुगली म्हणजे वाट बंद होते. पाटाळ्याच्या पुलावरून पाणी गेले की आजही खोळंबा होतो. पूल नव्हते तेव्हा कापसाच्या बंड्या उतार मिळेपर्यंत काठावरच थांबत. माणसास निवारा, बैलास चारा आणि मालास कोरडी जागा, या तिन्ही गरजा एकाच ठिकाणी भागवाव्या लागत. यातूनच धर्मशाळा आणि वखार शेजारी आल्या.

शेजार असला तरी दोहोंची बांधणी निराळी. धर्मशाळेस मोकळा चौक, भोवती ओसरी आणि मागे खोल्या, म्हणजे वारा खेळता राहतो. वखारीस मात्र उंच जोते, जाड भिंती, मोजकी दारे आणि छतालगत झरोके. जोते उंच असल्याने पुराचे व जमिनीच्या ओलीचे पाणी मालास लागत नाही, आणि बंडीच्या पातळीचा ओटा असल्यास बोजा उचलावा न लागता सरकवता येतो. कापूस हवेतील ओल शोषतो आणि ठिणगीने क्षणात पेटतो. म्हणून चूल व वखार यांच्यामध्ये अंतर राखणे हा सोय नव्हे, सुरक्षेचा नियम होता.

नदीकाठच्या निवाऱ्याचे आपल्या राज्यातील एक उत्तम उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगरची, खाम नदीकाठची पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या या परिसरात मशीद, मदरसा आणि सराई होती. तुर्कताज खान या सरदाराने १७४४ च्या सुमारास येथे चक्की उभारली. डोंगराकडील झऱ्याचे पाणी भूमिगत नळांनी कित्येक मैल आणून, उंचावरून सोडून त्यावर जाते फिरविले. यात्रेकरू, विद्यार्थी आणि फकीर यांच्यासाठी तेथे धान्य दळले जाई. बैलाच्या मानेवर जू न ठेवता पीठ मिळे, ही गोष्ट अहिंसेची चाड असणाऱ्या वाचकास विशेष भावेल. तेथील मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. त्यामुळे उन्हाळ्यातही ते दालन थंड राहते. एकाच पाण्याने दळण, गारवा आणि शोभा अशी तिन्ही कामे साधली.

आता चुन्याविषयी. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो; तो पाण्यात विरवून वाळूबरोबर घाणीत मळला की बांधकामास सिद्ध होतो. भिंतीत तो हवेतील कर्बवायू हळूहळू घेऊन पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू शकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आत कोंडते आणि कालांतराने विटा झिजतात, तुळयांची टोके कुजतात. मग आपणच म्हणतो, इमारत जीर्ण झाली, पाडू या!

हा प्रश्न अनेक विश्वस्त मंडळांपुढे आहे. जागेचा भाव वाढला आहे, यात्रेकरूस संलग्न स्नानगृह हवे आहे. या मागण्या खोट्या नाहीत. गळक्या छताखाली पाहुण्यास निजविणे हा काही वारसा नव्हे. तथापि पाडण्याचा ठराव करण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य कराव्यात. चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यास आणि जुन्या वास्तूंच्या अभियंत्यास भिंती दाखवाव्यात. संपूर्ण इमारतीची मापे व छायाचित्रे घ्यावीत. आणि मागच्या रिकाम्या वखारीत नवी स्नानगृहे, भोजनशाळा बसविता येतील का, हे पाहावे. उंच जोत्याची कोरडी वखार बहुधा अशा कामास सोयीची ठरते.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात वैयावृत्त्याच्या प्रकरणी आहार, औषध, उपकरण यांच्यासोबत आवासही दान म्हणून सांगितला आहे. ते विवेचन प्रामुख्याने संयमी जनांच्या सेवेचे. पण त्याच भावनेने आपल्या पूर्वजांनी वाटसरूंसाठी दारे उघडी ठेवली. राजूरहून भद्रावतीस केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनास जाणारी कुटुंबे तेथील धर्मशाळेत उतरतात, तेव्हा हेच दान स्वीकारतात. वखारीतील माल विकला गेला, त्याचा हिशेब वहीत मिटला. धर्मशाळेचा हिशेब मात्र अजून चालू आहे. तो पुढील पिढीच्या नावे जमा करावा की नावे टाकावा, हे आपल्या सहीवर आहे.