पटावरचं मूल, फडावरचं मूल

शाळेत स्मार्ट टीव्ही बसला, फीत कापली, फोटो निघाला की शाळा सुधारली, असं मानणारा एक पक्ष महाराष्ट्रात आहे. मोबाइलने पोरं बिघडली, शाळेला खडू-फळा पुरे, असं म्हणणारा दुसरा. शिरूर कासारच्या बाबतीत दोघांचंही निदान चुकतं.

बीड जिल्ह्यातला हा कोरडवाहू तालुका दसरा-दिवाळीच्या सुमारास रिता होऊ लागतो. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला ऊसतोड मजुरांच्या जोड्या, म्हणजे कोयते, पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. घरी आजी-आजोबा नसले तर मुलंही टोळीबरोबर जातात आणि हंगाम संपेपर्यंत उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. गावच्या वर्गातला पडदा कितीही लखलखीत असो. त्याच्यासमोर बसायचं मूल सांगली-कोल्हापुरात आहे.

नुसत्या यंत्रांवरच्या भरवशाची परीक्षा जगात होऊन गेली आहे. पेरू देशाने गरीब मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. तिथल्या तीनशेहून अधिक ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा गणितात आणि भाषेत म्हणावा असा फरक आढळला नाही.

म्हणून तंत्रज्ञानच नको म्हणायचं का? मुळीच नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, पुढे राज्याच्या पुस्तकांतही ते आले. २०२० साली डिसले यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पुस्तकावर छापलेला कोड दप्तराबरोबर कोपीपर्यंत पोचतो, हे त्याचं मोठेपण. पण आईबापाचा फोन पहाटेच त्यांच्याबरोबर फडात जातो. त्यामुळे एकट्या कोडवर विसंबून भागत नाही. मुलाला शाळा आणि शिक्षक लागतोच.

तंत्रज्ञानाचं खरं काम इथे नोंदीचं आहे. २०१५ पासून राज्यात विद्यार्थ्यांच्या नोंदींची ‘सरल’ ही संगणकीय प्रणाली आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र क्रमांक आहे. तरीही पट मोजला जात आला तो ३० सप्टेंबरचा, म्हणजे तालुका भरलेला असतानाचा. ट्रक त्यानंतर निघतात. कागदोपत्री मूल शिरूरमध्ये आणि प्रत्यक्षात फडावर, ही फारकत त्या एका तारखेत लपून जाते.

मूल जिथे जातं तिथल्या शाळेत त्याचं नाव घालावं म्हटलं, तर गावच्या मुख्याध्यापकांचा आक्षेप असतो: शाळा सोडल्याचा दाखला दिला तर पट घटेल, पट घटला तर शिक्षकाचं पद जाईल. ही भीती खोटी नाही, पण तिचं ओझं मुलाने का वाहावं? पाच-सहा महिन्यांसाठी गेलेल्या मुलाचं नाव मूळ शाळेच्या पटावर ठेवून हजेरी मात्र कारखान्याजवळच्या शाळेत लागावी, अशी हंगामी नोंद संगणकाला अवघड नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तर दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायला मनाईच केली आहे.

त्याहून चांगला उपाय म्हणजे मूल गावातच राहणं. त्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत. मागच्या दोन-तीन वर्षांच्या नोव्हेंबरची हजेरी पाहिली तर यंदा कोणती मुलं जाण्याची शक्यता आहे, हे ऑगस्टमध्येच सांगता येईल. गावागावाची ती यादी जिल्हा परिषदेने तेव्हाच काढावी, शिक्षकांनी पालकांशी बोलावं आणि उचल वाटली जाते त्याच दिवसांत वसतिगृहाला मंजुरी, धान्य आणि स्वयंपाकीण मिळावी.