साडेचार गोव्यांना एकच अंदाज

संपादक महोदय,

गुढीपाडवा उलटला की हवामानाची तीच बातमी दरवर्षी छापून येते. कमाल तापमान दोन-तीन अंशांनी वाढणार, पुढील चार दिवस अहिल्यानगर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा आणि सोसाट्याच्या वाऱ्यासह पाऊस, यलो अलर्ट. बातमी खोटी नसते. पण तिचं करायचं काय, हे कांदा उपटून पातीखाली झाकून ठेवलेल्या शेतकऱ्याला विचारा.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा: 17,048 चौरस किलोमीटर, 14 तालुके. अख्खा गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा, तरी उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा यांच्यासाठी तिथे वेगवेगळे इशारे निघतात. आम्ही साडेचार गोव्यांएवढे, आणि आम्हाला मिळून एक रंग! अकोले तालुक्यातल्या घाटघरपासून जामखेडपर्यंत रस्त्याने दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. तिकडे कळसूबाईचा डोंगर, इकडे बालाघाटाच्या कडेची कोरडवाहू रानं. पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर यांच्या घाटमाथ्यासाठी हवामान विभाग वेगळा इशारा देतो. म्हणजे जिल्हा फोडून अंदाज देता येतो.

आता ‘तुरळक ठिकाणी’चा हिशेब पाहा. विभागाच्याच व्याख्येप्रमाणे पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस पडला की तो तुरळक. इशारा पूर्ण खरा ठरला तरी ढोबळमानाने चारातली तीन गावं कोरडीच राहणार. चार दिवस ताडपत्री टाकायची-काढायची, उक्ती घेतलेली मजुरांची टोळी परत पाठवायची, आणि आभाळ नुसतं गडगडून जाणार. असं दोन-तीनदा झालं की माणूस इशाऱ्याकडे बघायचं सोडतो. आणि मग एखाद्या दिवशी खरोखर येतं. एप्रिल 2023 मध्ये पारनेर तालुक्यातल्या वनकुटे परिसराला गारपिटीने असं झोडपलं की खुद्द मुख्यमंत्र्यांना पाहणीला यावं लागलं.

सरकारी अंदाजावरचा विश्वास असा उडाला की लोक व्हॉट्सॲपवरच्या स्वयंघोषित हवामान अभ्यासकांकडे वळतात. तज्ज्ञ त्यांना हसतात. पण ते तालुक्याचं, कधी कधी गावाचंही नाव घेऊन बोलतात, आणि मराठीत बोलतात. त्यांचं चुकलं तर कुणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

यावर शास्त्रज्ञांचं उत्तर ठाऊक आहे. वळवाचा ढग दुपारच्या तापलेल्या जमिनीवर तासा-दोन तासांत उभा राहतो आणि काही किलोमीटरच्या पट्ट्यात बरसून संपतो. तो कुठे फुटेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. मान्य. गावाच्या नावाची हमी आम्ही मागतही नाही. पण बाष्प कुठल्या बाजूने येतंय आणि जिल्ह्याच्या कुठल्या भागात शक्यता जास्त आहे, उत्तरेला, दक्षिणेला की घाटाकडे, एवढं सकाळी सांगायला काय अडचण आहे? आणि ढग उभा राहिल्यावर पुढच्या तीन तासांचा तातडीचा इशारा विभाग देतोच. तोही बहुतेक वेळा जिल्ह्याच्याच नावाने निघतो.

साधनं नाहीत असंही नाही. महावेध प्रकल्पात 2017 पासून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने ग्रामपंचायतनिहाय अंदाज सुरू केला. मे 2025 मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली सहा किलोमीटरच्या चौकटीची नवी प्रणाली देशात लागू झाली. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप याच संस्थेचं. हे सगळं आहे ते मोबाईलच्या पोटात. पठारावर मेंढरं घेऊन फिरणाऱ्याच्या साध्या फोनवर यातलं काय पोचतं? उलट शेतकऱ्याच्या भाषेत सल्ला देणारे जिल्हा कृषी हवामान कक्ष 2024 मध्ये देशभर बंद करण्यात आले. यंत्रं वाढवायची आणि सांगणारा माणूस काढून टाकायचा, हा उफराटा कारभार आहे.

तेव्हा जिल्हा प्रशासनाकडे मागणी अशी. एप्रिल-मे या दोन महिन्यांत तरी तीन तासांचा इशारा तालुक्याच्या नावाने, मराठीत तलाठी आणि कृषी सहायकांकडे जावा, आणि त्यांनी तो ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगावा. हरिनाम सप्ताहाची वर्दी सगळ्या गावाला त्याच भोंग्यावरून मिळते; विजेचीही मिळू शकते.

आणि एक विनंती आपल्याला. आपल्या अंकात हवामानाच्या चौकटीत फक्त शहराचं कमाल-किमान तापमान असतं. जामखेडच्या वाचकाला त्याचा उपयोग नाही आणि अकोल्याच्या तर मुळीच नाही. पंचायतनिहाय अंदाज सरकारनेच खुला केलेला आहे. त्यावरून चौदा तालुक्यांच्या चौदा ओळी रोज छापा. जागा कमी पडली तर एखादी वाढदिवसाची जाहिरात आतल्या पानावर घ्या.

— एक कांदा उत्पादक, ता. राहुरी, जि. अहिल्यानगर