पाकिटं दोन, औषध एकच

मैत्रिणींनो, मिसळणाच्या डब्यासारखाच औषधांचा डबाही आपल्याच ताब्यात असतो, नाही का? कुणाचं डोकं दुखलं, कुणाला कणकण आली, की हाक आपल्यालाच! त्या डब्यानं मागच्या पावसाळ्यात मला चांगलाच धडा शिकवला.

ह्यांना ताप आला होता. डॉक्टरांनी पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिली. ती मी दिवसातून चार वेळा न चुकता दिली. नाकही गळत होतं, म्हणून घरात असलेली सर्दीची गोळी तीन वेळा दिली. दुसऱ्या दिवशी शाळेला निघताना तिच्या पाकिटावरची बारीक अक्षरं सहज वाचली आणि छातीत धस्स झालं. तिच्यातही पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅम! हिशेब मांडला. एकीचे २६०० आणि दुसरीचे १५००, म्हणजे ४१००. धडधाकट मोठ्या माणसालाही चोवीस तासांत ४००० च्या वर द्यायचं नसतं. त्यात तापामुळे ह्यांच्या पोटात धड अन्न नव्हतं.

शाळा राहिली बाजूला, आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासून घेतलं. यकृत ठीक निघालं आणि माझा जीव भांड्यात पडला. पण प्रश्न मनातून जाईना. गोळीनं यकृत बिघडतं तरी कसं, आणि ते कळतं कसं? आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी मधल्या सुट्टीत मला ते समजावून दिलं.

यकृतात गेलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग निरुपद्रवी होऊन लघवीवाटे निघून जातो. थोडासा भाग मात्र विषारी बनतो. त्याचा बंदोबस्त करायला यकृताकडे ग्लुटाथायोन नावाच्या पदार्थाचा साठा असतो. गोळ्या फार झाल्या किंवा उपासानं साठाच कमी पडला, की उरलेलं विष यकृताच्या पेशींवर उलटतं.

आपण एसजीपीटीची तपासणी करतो ना, ते द्रव्य मुळात यकृताच्या पेशींतलं. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं. म्हणजे दूध करपल्यावर वास यावा, तसंच हे. मग करपण्याआधी कळणार कसं? त्यासाठी शास्त्रज्ञ आता रक्तातले आणि लघवीतले बारीकसारीक पदार्थ मोजून पाहतात. २००६ साली जपानमधल्या केओ विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांना पॅरासिटामॉल जास्त देऊन असे शेकडो पदार्थ एकदम तपासले. ग्लुटाथायोन संपत आलं, तेव्हा ऑफ्थॅल्मिक ॲसिड नावाचा पदार्थ वाढलेला दिसला. गंमत अशी, की हे दोन्ही पदार्थ शरीरातल्या एकाच कारखान्यात तयार होतात. एक कच्चा माल संपला की तिथं दुसरा वापरला जातो. आपल्या चहाला गुळाची चव लागली, की घरातली साखर संपली हे पाहुण्यालाही कळतं, तसंच!

ही तपासणी काही आपल्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही. पण माणसांच्या बाबतीतही, पॅरासिटामॉलचं विष यकृतातल्या प्रथिनांना चिकटून जे पदार्थ बनतात, ते रक्तात मोजता येतात. यकृत नक्की ह्याच औषधानं बिघडलं का, ते त्यावरून समजतं.

तोवर राखण आपणच करायची. औषध देण्यापूर्वी पाकिटावरच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. ताप, सर्दी, अंगदुखी, गोळ्या वेगळ्या असल्या तरी आतलं औषध एकच असू शकतं. अमेरिकेहून भाच्यानं आणलेल्या बाटलीवर ‘असिटामिनोफेन’ लिहिलेलं असेल, तर तेही पॅरासिटामॉलच. मुलांना वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच द्या. दारू पिणाऱ्याला, यकृताच्या रोग्याला किंवा फार अशक्त माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नका.

आणि चुकून जास्त दिलं गेलं, तर ‘बरं वाटतंय ना, मग असू दे’ म्हणून बसू नका. पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, कधी तीही होत नाही. खरी इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. ॲसिटिलसिस्टीन हे त्यावरचं औषध यकृताचा साठा पुन्हा भरून देतं, पण पहिल्या आठ तासांत मिळालं तर त्याचा गुण सर्वांत चांगला. तेव्हा पाकिटं पिशवीत घाला आणि तडक दवाखाना गाठा.

आमच्या डब्यात आता एक छोटी वही आणि पेन्सिल असते. कुणाला, किती वाजता, काय दिलं, ते लिहायचं. दुधाचा हिशेब आपण ठेवतोच की! मग गोळ्यांचा का नको?